साधे पत्र की सजविलेले पत्र?

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



जयपूरसारख्या रंगांच्या नगरीत राहून साधेपणाची बाजू मांडावयास उभे राहणे, हे थोडे धाडसाचेच काम आहे. सांगानेरी छापाचे कापड, निळ्या नक्षीची भांडी, हातकागदाच्या वह्या दूरदेशीच्या गिऱ्हाइकांना विकणारी मंडळी आज या सभागृहातही बसलेली आहेत. दुकानाची पायरी कधीही न चढणाऱ्या अशा गिऱ्हाइकाशी बोलावयाचे साधन म्हणजे ई-मेल. हे पत्र चित्रांनी नटवून पाठवावे की पोस्टकार्डाप्रमाणे साध्या अक्षरांत, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी त्यावर एखाद्याचा संपूर्ण हंगाम अवलंबून असतो.

प्रथम आमची चूक सांगतो. मंडळातील भगिनींच्या हस्तकलेची विक्री गणेशोत्सवात योजिली होती. आम्ही मोठ्या हौसेने निमंत्रण सजविले आणि दिवस, वेळ, स्थळ सारे एका देखण्या चित्रात बसविले. पुष्कळांच्या यंत्रांवर अनोळखी पत्रातील चित्रे आपोआप उघडत नाहीत, हे आमच्या ध्यानी नव्हते. त्यांना दिसली ती रिकामी चौकट. एका ज्येष्ठ काकूंनी वर्षभर खपून शिवलेल्या गोधड्या बव्हंशी तशाच घरी परत गेल्या. काकू काही बोलल्या नाहीत. ते न बोलणेच आम्हांस अधिक लागले.

पुढील वर्षी आम्ही आठ ओळींचे साधे पत्र लिहिले, खाली सही केली. उत्तरे येऊ लागली. कोणी रस्ता विचारला, कोणी दोन गोधड्या राखून ठेवावयास सांगितले. साधे पत्र माणसाने माणसास लिहिल्यासारखे वाटते, म्हणून त्यास उत्तर द्यावेसे वाटते. तथापि त्याच उत्तरांत एका बाईंनी लिहिले होते, "रंग पाहिल्याखेरीज गोधडी कशी निवडावी?" त्यांचे म्हणणे रास्तच होते.

केवळ साधेपणा म्हणजे सौजन्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थ्युर्क यांनी आपल्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांस एकदम धाडले. ते पत्र साध्या अक्षरांतच होते. तरीही न विचारता आल्यामुळे पुष्कळांचा रोष त्याने ओढवून घेतला. संमती ही पहिली पायरी. सजावटीचा विचार त्यानंतरचा.

सुदैवाने दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती आपणांवर नाही. १९९२ साली नेथॅनियल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी 'माइम' ही पद्धत मांडली. तिच्यामुळे एकाच लिफाफ्यात साधे व सजविलेले अशी दोन्ही रूपे घालता येतात आणि वाचणाऱ्याचे यंत्र त्यास पेलेल ते रूप दाखविते. मात्र साधे रूपही स्वतः वाचून, नीट लिहून घालावे. ते यंत्रावर सोपवून मोकळे होऊ नये.

सजविलेल्या पत्राचा आणखी एक लोभ असतो. त्यात दडविलेल्या इवल्याशा चित्रावरून पत्र किती जणांनी उघडले, याचा हिशेब लागतो. परंतु ॲपलने २०२१ साली अशी चित्रे परस्पर उतरवून घेण्याची सोय केल्यापासून तो हिशेब भरवशाचा राहिलेला नाही. किती उत्तरे आली, किती मागण्या आल्या, हाच खरा ताळेबंद.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. आभार, आठवण, चौकशी, विनंती यांसाठी साधे पत्र लिहावे. माल डोळ्यांनी पाहूनच घ्यावयाचा असेल, तर सजविलेले पाठवावे. पण भाव, दिवस, पत्ता कधीही चित्रात कोंडू नयेत, ते अक्षरांतच द्यावेत. पत्र आटोपशीर असावे. जीमेलमध्ये मजकूर १०२ किलोबाइटांच्या पुढे गेला की उरलेला भाग दृष्टीआड होतो आणि नाव कमी करण्याचा दुवा बहुधा तळाशीच असतो. असा दुवा ठळक ठेवावा. मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांस गूगल व याहू यांनी २०२४ पासून तशी सोय बंधनकारकच केली आहे. आणि सर्वांस पाठविण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर ते उघडून पाहावे.

काकूंची गोधडी आता दोन्ही रूपांत जाते: वर चार साध्या ओळी, खाली एक छायाचित्र. छायाचित्र न उघडले तरी निमंत्रण पोचते. आपल्या घरी पाहुण्यास बोलावताना दारी रांगोळी घालतोच. पण 'या' हा शब्द आपण रांगोळीवर सोपवीत नाही, तो तोंडाने म्हणतो.