दगडी खिडकीतून वाट बघणारी दोन माणसं

आज आपण एका दारासमोर उभं राहणार आहोत. फ्रान्समधल्या बूर्ज शहरात झाक क्योरचा वाडा आहे. रस्त्यावरून बघितलं की एक मोठं दार दिसतं, घोड्यांसाठी. त्याला लागूनच एक छोटं दार, पायी येणाऱ्यांसाठी. आता जरा वर बघा. दोन खिडक्यांतून एक बाई आणि एक पुरुष रस्त्याकडे डोकावतायत. हात करावासा वाटतो ना? पण ती माणसं दगडाची आहेत. खिडक्यासुद्धा खोट्या, नुसत्या कोरलेल्या!

हा झाक कोण? कातड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. व्यापारात इतका वर आला, की राजा सातवा चार्ल्स याच्या दरबाराला कापडचोपड, दागदागिने पुरवायचं काम त्याच्याकडे आलं. राजाच्या लढायांनाही त्याने पैसे दिले. 1443 मध्ये त्याने हा वाडा बांधायला घेतला. क्योर म्हणजे हृदय, म्हणून भिंतींवर जागोजागी पत्त्यातल्यासारखे बदाम कोरले. झाक नावाच्या संताची खूण शिंपला, म्हणून बदामांच्या जोडीला शिंपले. आणि ब्रीदवाक्य काय, तर शूर हृदयांना अशक्य असं काहीच नाही. म्हणजे स्वतःच्या आडनावावरच कोटी!

दारावरच्या कोनाड्यात मात्र त्याने घोड्यावर बसलेला राजा बसवला. ज्याच्या जिवावर मोठे झालो, त्याला मान द्यायलाच हवा.

त्याच राजाने 1451 मध्ये त्याला अटक केली. राजाच्या लाडक्या आन्येस सोरेलला विष दिल्याचा आरोप झाला. तो टिकला नाही, पण बाकीचे आरोप होतेच. शिवाय दरबारातले कितीतरी लोक त्याचे कर्जदार! 1453 मध्ये शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. पुढच्याच वर्षी तो कैदेतून निसटला, रोमला पोहोचला आणि 1456 मध्ये पोपच्या आरमाराबरोबर असताना खिऑस बेटावर वारला. ज्या वाड्यासाठी एवढा खर्च केला, तिथे तो धड राहिलासुद्धा नाही.

लोक सांगतात, खिडकीतली ती दोघं म्हणजे नोकर, मालकाची वाट बघतायत. मीही आधी तेच धरून चाललो होतो. मग तारखा जुळवल्या. वाडा बांधला गेला तो झाकच्या भरभराटीच्या दिवसांत. तेव्हा कुणाची वाट बघायची? ती बहुतेक एक गंमत होती, आल्यागेल्याला फसवणारी. वाट बघणं नंतर आलं, मालक परतला नाही म्हणून. दगड तोच राहिला, गोष्ट बदलली.

आणि राजा? त्याचा पुतळा फ्रेंच राज्यक्रांतीत फोडला गेला. कोनाडा आजही रिकामा आहे. वाडा पुढे बरीच वर्षं चक्क न्यायालय होता! खिडकीतली दोघं मात्र अजून रस्त्याकडे बघतायत.

पुढच्या वेळी एखाद्या जुन्या वाड्यासमोर सेल्फी काढाल, तेव्हा आधी दाराच्या वर बघा. कोण डोकावतंय, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!