फाईल कुणाची, कान कुणाचे

(किन्हीराजा येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, विरोधकाची कुंडली काढणं तुम्हाला मी काय शिकवावं? ग्रामपंचायतीचा निकाल लागला की पडलेला उमेदवार दुसऱ्याच दिवशी कामाला लागतो. निवडून आलेल्याला १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालंय का, घराची भिंत गावठाणाच्या जागेत सरकलीय का, कर थकलाय का? जन्मनोंदीचा उतारा, नमुना ८ हाती आला की अर्ज थेट वाशिमला, जिल्हाधिकाऱ्यांकडे. हेतू शंभर टक्के राजकीय. पण तिसरं अपत्य असेल तर सदस्यत्व जातं. अर्जदाराच्या मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही. त्यात मला काही वावगं वाटत नाही. कागद सरकारी दप्तरातला, आणि समोरच्याला उत्तर द्यायची संधी असते.

सरकार चोरून ऐकतं तेव्हा मात्र हेतू हाच कायदा असतो. १८८५च्या तार कायद्याच्या कलम ५(२)नुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल, तरच फोन ऐकता येत असे. १९९६मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर अटी घातल्या: गृहसचिवांची लेखी परवानगी, मुदत, आढावा समिती.

आता आपल्या विदर्भातलं प्रकरण. जुलै २०२१मध्ये काँग्रेसचे नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की २०१६-१७मध्ये आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने ऐकला गेला. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांच्यासाठी ‘निजामुद्दीन बाबू शेख’ हे नाव वापरल्याचं समोर आलं. कारण अमली पदार्थांचं दाखवलं होतं. गंमत बघा, पटोले तेव्हा भाजपचेच खासदार होते. म्हणजे आरोप खरा असेल, तर पाळत विरोधकावर नव्हती, घरातल्या नाराजावर होती!

नाव बदललं की काय होतं, ते नीट समजून घ्या. सही करणाऱ्या सचिवासमोर फक्त कागद येतो: एक नंबर, एक नाव, एक कारण. अमली पदार्थवाला अमजद खान म्हटल्यावर प्रामाणिक सचिवही सही करणार. आढावा समितीही तोच कागद वाचणार. खासदाराचं नाव लिहिलं असतं, तर कुणीतरी पेन थांबवलं असतं.

पुढचा क्रम पाहा. महाविकास आघाडीचं सरकार असताना, २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये २०१६-१७मध्ये पुण्याच्या पोलीस आयुक्त असलेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात आणि कुलाब्यात गुन्हे दाखल झाले. कुलाब्याचं प्रकरण संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनचं. जूनअखेर सरकार बदललं. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी ‘सी समरी’, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, कुलाब्याच्या प्रकरणात शासनाने खटल्याला मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४मध्ये शुक्ला पोलीस महासंचालक झाल्या. त्यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ‘अमजद खान’ हे नाव कागदावर कुणी आणि का घातलं, याचा उलगडा पुराव्यानिशी भर कोर्टात झालाच नाही. एका बाजूच्या राजवटीत तपास उगवला, दुसऱ्या बाजूच्या राजवटीत मावळला. दोन्ही वेळा हेतूवर संशय घ्यायला जागा राहिलीच.

पाळतीपायी खुर्च्या गेल्यात. १९८८मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडेंना फोन टॅपिंगवरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. १९९१मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस सापडले, बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसशी बिनसलं आणि पंतप्रधान चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. आज एवढी लाज कुणाला वाटत नाही.

उपाय अवघड नाही. परवानगीआधी न्यायाधीशाने कागद बघावा, ही मागणी १९९६च्या खटल्यातच झाली होती. कायद्यात तशी तरतूद नाही, म्हणून न्यायालयाने ती मानली नाही. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला, २०२४मध्ये नियम आले. दुरुस्तीची संधी होती. राज्याची आढावा समिती आजही मुख्य सचिव आणि त्यांच्यासोबतचे सचिव यांचीच आहे. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा माणूस तर नाहीच नाही.