पडद्यामागचा श्रोता

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना किरण सेठ यांनी डागर घराण्यातील गायकांचे ध्रुपद ऐकले. पुढे दिल्लीच्या आय. आय. टी.मध्ये अध्यापक झाल्यावर, १९७७ साली, त्यांनी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ उभी केली. तिचा भार मुख्यत्वे विद्यार्थी-स्वयंसेवकच वाहत आले आहेत. असा विद्यार्थी कलावंतांना स्टेशनवरून आणतो, बैठक अंथरतो, चहा पोहोचवतो. श्रोता असताना ज्या विलंबाने तो चुळबुळत असे, तो हवा पालटताच बिघडलेले तंबोरे पुन्हा लावण्यात जातो, हे त्याला आता उमगते. मात्र ज्या आलापीच्या ओढीने तो या कामात शिरला, तीच बहुधा त्याच्या वाट्याला येत नाही, आणि हा तोटा लहान नव्हे. रात्रभराच्या मैफलीतील भैरवी तेवढी, दाराशी उभ्याने, त्याच्या कानी पडते.