कृष्णाकाठच्या होड्यांच्या शर्यती : संयोजन आणि सावधगिरी



नदीकाठच्या गर्दीचे लोणंदला नावीन्य नाही. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडते, पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदच्या मुक्कामी येते. त्या वेळी पिण्याचे पाणी, वाहतूक, आरोग्यपथके यांची व्यवस्था कशी लावावी, हे येथील कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. परंतु ती गर्दी काठावरची असते. पाण्यात वल्हेकरी आणि काठावर प्रेक्षक, असा दुहेरी उत्सव पाहावयाचा तर पुणे-मिरज लोहमार्गाने दक्षिणेस सांगलीस जावे लागेल.

शिडांच्या होड्यांची चुरस ही मुळात कोकणच्या खाड्यांची. कृष्णेत वाऱ्यापेक्षा मनगटावर भिस्त असते. पावसाळ्यात पात्र भरले, की सांगलीत होड्यांच्या शर्यती होतात. सांगलवाडी, कसबे डिग्रज, कवठेपिरान अशा काठावरच्या गावांचे तरुण त्यांत ईर्ष्येने उतरतात. आयर्विन पुलाचा कठडा आणि दोन्ही घाट माणसांनी फुलून जातात. हार-जीत एका होडीची नसते, साऱ्या गावाची असते. म्हणूनच पंचांचे काम नाजूक होते.

नदीतील शर्यत आणि मैदानावरील शर्यत यांत एक मूलभूत फरक आहे. मैदान सर्वांना सारखे असते, नदी नसते. प्रवाहाचा जोर मध्यावर अधिक आणि काठालगत कमी. जाताना जो प्रवाहाच्या ओढीत राहील त्याचा लाभ, तर उलट येताना जो काठ धरील त्याचा. तेव्हा कोणी कोठून सुटावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, वळणाची खूण पक्की रोवावी, आणि काठ धरून येण्यास मुभा आहे की नाही, हे होड्या सुटण्यापूर्वीच सर्वांसमक्ष जाहीर करावे. निम्मी भांडणे येथेच मिटतात.

संयोजनाचा खरा कस मात्र तारीख ठरविण्यात लागतो. पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले, मंडप उभा राहिला, की शर्यत पुढे ढकलणे कोणाच्याही जिवावर येते. कृष्णेला त्या पत्रिकेचे सोयरसुतक नसते. कऱ्हाडला कोयना तिला मिळते, आणि कोयना धरणातून सोडलेले पाणी सांगलीस पोचते तेव्हा सांगलीत कदाचित स्वच्छ ऊन पडलेले असते. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. 2019 सालच्या महापुरात पाणी 57 फुटांपलीकडे गेले होते. म्हणून जलसंपदा विभागाच्या पूरनियंत्रण कक्षाशी संपर्क ठेवून, कोणत्या पातळीला शर्यत रद्द होईल तो आकडा आधीच लेखी ठरवावा. ऐन वेळी तो ठरवावयास बसले, म्हणजे मंडपाचा खर्च आठवतो. केरळात आलप्पुळा येथील नेहरू चषकाची नौकाशर्यत देशभर गाजलेली. 2018 च्या पुरामुळे तीही ऑगस्टमधून नोव्हेंबरवर न्यावी लागली. त्यात कोणाचा मान गेला नाही.

त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी, माणसांनी खच्चून भरलेली होडी उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली. त्या दिवसांत नदीकाठच्या तरुणांनी होड्या घालून कितीतरी कुटुंबे वाचविली, हेही खरे. पण शर्यतीतील कौशल्य आणि पुरातील कौशल्य एकच नव्हे. शर्यतीत होडी हलकी असते, तीत फक्त कसलेले वल्हेकरी बसतात. पुरात भेदरलेली माणसे बसतात, गाठोडी असतात, पाण्याखाली बुडालेली झाडे आणि तारा असतात. आणि "आता जागा नाही, पुढच्या फेरीला घेतो" असे म्हणण्याचे धैर्य लागते. हे धैर्य शिकविण्यास शर्यतीसारखी दुसरी जागा नाही. वेगाच्या फेऱ्यांबरोबर एक फेरी अशी ठेवावी, की ठराविक माणसे तरंगजाकिटे घालून होडीत बसवावयाची, पैलतीरी सुखरूप उतरवावयाची, आणि मर्यादेपेक्षा एक जरी अधिक बसला तरी तो संघ बाद. प्रेक्षक प्रथम हसतील. दुसऱ्या वर्षी मोजू लागतील.

तरंगजाकिटाशिवाय कोणासही होडीत पाय ठेवू देऊ नये, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. बचावाची होडी शर्यतीत उतरवू नये. सांगली परिसरातील कृष्णेत मगरींचा वावर आहे, त्यामुळे वन विभागाला विचारल्याखेरीज जागा नक्की करू नये, आणि काठावर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. शाळांची मुले आणावयाची असतील तर शिक्षकांनी त्यांना घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसवावे. शेवाळलेली खालची पायरी ही त्या दिवशी साऱ्या नदीपेक्षा धोक्याची असते.

काठावरच्या जत्रेबद्दल फारसे सांगावयास नको. पाळणे, भजी, हलगी हे आपोआप येतात. विजेत्या संघाची मिरवणूकही आपोआप निघते. तिला परतीचा वेगळा रस्ता द्यावा.

मग असा उत्सव लोणंदजवळ वीरच्या जलाशयावर का भरवू नये, असा प्रश्न निघेल. त्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागेल. तथापि अडचण केवळ परवानगीची नाही. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी वीरमध्ये येते, आणि पावसाळ्यात वीर भरले की तेथून नीरेत विसर्ग सुरू होतो. अशा वेळी खालच्या पात्रात होडी घालण्याचा विचारही करू नये. जलाशयावर काही करावयाचे, तर पाऊस सरल्यावर, धरणाच्या भिंतीपासून दूर, आणि प्रथम शर्यत नव्हे तर वल्हवण्याचे व पोहण्याचे वर्ग. वर्ग दोन वर्षे नीट चालले, तर होड्या बांधण्याचे पैसे कोठून आणावयाचे, हा विषय ग्रामसभेपुढे घेता येईल.