वाफ्याच्या तोंडाशी

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि राज्यभरातून आलेले डॉक्टर, प्राध्यापक व विज्ञानशिक्षक मित्रहो,

अशोकाचा शिलालेख जिथे सापडला ते सोपारे आणि चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९मध्ये जिंकलेला किल्ला, अशा या वसईच्या मुलखात स्वागत समितीतर्फे मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

मी वाडीत वाढलो. लहानपणी रहाटाचे पाणी पाटाला लागले की दारे धरायला आम्ही मुले. ज्या वाफ्याला पाणी नको, त्याच्या तोंडाशी मातीचा लपका टाकायचा. वाफा मोडायचा नाही, नुसते तोंड बुजवायचे. डीएनए मिथिलीकरणाबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो लपकाच आठवला. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुके तीच असतात. पण सायटोसीन या अक्षरावर, बहुतेक वेळा त्याच्या पुढे ग्वानीन असेल तिथे, एक कार्बन व तीन हायड्रोजनांचा मिथिल गट बसतो. जनुकाच्या आरंभाशी असे गट दाटले, की ते वाचणाऱ्या प्रथिनांना तिथे बसता येत नाही, डीएनए आवळला जातो आणि जनुक गप्प होते. अक्षरे मात्र जशीच्या तशी. पेशी दुभंगताना डीएनएमटी-१ हे विकर जुन्या धाग्यावरच्या खुणा नव्या धाग्यावर उमटवते. माझा दाखला एका जागी तोकडा पडतो, तेही सांगतो: जनुकाच्या मधल्या भागातले मिथिल गट पुष्कळदा चालू जनुकांवरच आढळतात.

आता ही माती येते कुठून? ताटातून. मिथिल गट पुरवणाऱ्या साखळीला फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास मांडला. बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबी राखून असलेली निघाली. बऱ्याच आयांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. पुढे पुणे आणि हैदराबादच्या संशोधकांनी बी-१२ दिल्यावर मधुमेहाशी निगडित जनुकांवरचे मिथिलीकरण बदलते, असे दाखवले. खुणांपासून आजारापर्यंतची पूर्ण वाट अजून उलगडायची आहे.

मित्रहो, हे मी पालघर जिल्ह्यात उभा राहून बोलतो आहे. जव्हारमधल्या वावर-वांगणीचे १९९२-९३चे कुपोषणाने झालेले बालमृत्यू इथल्या माणसाला विसरता येत नाहीत. आमच्या किनाऱ्यावर सुकट-बोंबील आहे, म्हणजे बी-१२ आहे. डोंगरातल्या ताटात रोज काय पडते, हे आपण या दोन दिवसांत विचारावे, असे मला कळकळीने वाटते. पुण्यात त्याच अभ्यासातल्या मुलामुलींना गर्भधारणेच्या कितीतरी आधी, किशोरवयातच बी-१२ देऊन पाहिले गेले. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतल्या मुली आज त्याच वयाच्या आहेत.

अध्यक्ष महोदयांनी दीपप्रज्वलन करून संमेलनाचा आरंभ करावा, ही विनंती.