बालकांचे शिक्षण आणि आईबापांचे कर्तव्य

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे, तो पुढे पाहण्याचा विषय आहे. पहिली ते चौथीच्या वर्गांत जाणाऱ्या आपल्या मुलांस शाळेत यश यावे म्हणून आईबापांनी काय करावे, हा तो विषय होय. आपल्या घरोघरी एक उद्गार वारंवार ऐकू येतो : "आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही मुलाला काय शिकवणार? फी भरतो, ट्यूशन लावली आहे, बाकीचे शाळा पाहील." या बोलण्यात नम्रता आहे, परंतु सत्य नाही. ते का नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, शाळेचे दार आपल्या मुलांसाठी सहजासहजी उघडलेले नाही. याच पुणे शहरात, बुधवार पेठेतील भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी अशी मागणी केली की, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. पुण्याचेच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात तशा अर्थाचे विधेयक मांडले. ते १९१२ साली फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात झाला तो २००९ साली, आणि अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेल्या आपल्यापैकी अनेक घराण्यांत शिक्षण शिरले ते मिशनच्या खेड्यातील शाळेतून. तेथील मास्तरांची आठवण अजून वडीलधारी माणसे काढतात.

परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंतच नेऊ शकतो. शिक्षणहक्कासाठी २००२ साली राज्यघटनेत जी दुरुस्ती झाली, तिनेच आईबापांवरही मुलास शिक्षणाची संधी देण्याचे मूलभूत कर्तव्य घातले. ख्रिस्तसभेची शिकवण याहून निराळी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत असे सांगितले आहे. त्यात इंग्रजी जाणणारे आईबाप असा भेद केलेला नाही!

आता प्रत्यक्ष कर्तव्याकडे वळू.

पहिली गोष्ट भाषेची. मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा ते रिकामे येत नाही. घरी ऐकलेल्या शब्दांची शिदोरी त्याच्यापाशी असते. ज्याने घरी पुष्कळ ऐकले व पुष्कळ सांगितले, त्याला वाचनात अर्थ लवकर सापडतो. मग ते वाचन मराठीतील असो की इंग्रजीतील. सबब आपल्याला नीट न येणाऱ्या इंग्रजीत मुलाशी तुटक बोलण्यापेक्षा, आपल्या मराठीत त्याच्याशी भरपूर व नीट बोलावे. "आज शाळेत काय झाले?" असे विचारावे आणि "काही नाही" या उत्तरावर थांबू नये. डब्यात कोणी काय आणले होते, कोण भांडले, बाईंनी कोणती गोष्ट सांगितली, हे क्रमाने सांगावयास लावावे. झालेली गोष्ट क्रमाने सांगता येणे, हाच निबंधाचा पाया होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ज्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत, त्यांनी ती काढून घ्यावीत असे मी म्हणत नाही. इंग्रजीची गरज मला मान्य आहे. परंतु मराठीची लाज मात्र घरातून काढून टाकावी. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. तरीही येथील लोकांच्या अंतःकरणात शिरण्यासाठी त्यांनी मराठीचाच आश्रय केला, आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. एका इंग्रजास जी भाषा एवढी मोलाची वाटली, ती आपण आपल्याच लेकरांपासून का लपवावी?

दुसरी गोष्ट अंकांची. मूल 'तेवीस' ऐकते आणि ३२ लिहिते. आपण त्याला वेंधळे म्हणतो. वास्तविक दोष मुलाचा नाही. आपल्या 'तेवीस' शब्दात तीन आधी व वीस नंतर येतात, आणि लिहिताना मात्र २ आधी लिहावा लागतो. इंग्रजीत जसे बोलतात त्याच क्रमाने लिहितात; त्यामुळे शाळेत 'ट्वेंटी-थ्री' व घरी 'तेवीस' ऐकणाऱ्या मुलाचा गोंधळ दुप्पट होतो. हीच अडचण ओळखून पुण्याच्या बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला, हे आपणांस स्मरत असेल. त्या वादात न पडताही घरी एवढे करता येईल : "वीस आणि तीन, तेवीस" असे म्हणून दहाच्या दोन नोटा व रुपयाची तीन नाणी मुलाच्या हातावर ठेवावीत. मंडईत भाजी घेताना उरलेले पैसे त्याला मोजू द्यावेत. बसची पाटी व तिच्यावरील क्रमांक त्याला वाचू द्यावा. यास इंग्रजी लागत नाही, आणि पैसेही जास्त लागत नाहीत.

तिसरी गोष्ट नियमितपणाची. लहान वर्गांतील शिक्षण विटांच्या भिंतीसारखे आहे. खालची वीट राहिली तर वरची बसत नाही. हातच्याची बेरीज ज्या आठवड्यात शिकवली, त्याच आठवड्यात मूल गावच्या लग्नाला गेले, तर पुढची वजाबाकी त्याला कळत नाही, आणि आपण मात्र गणित अवघड आहे असे म्हणतो. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेस अवश्य जावे. परंतु यात्रा झाल्यावर मूल शाळेत वेळेवर हजर असावे. तसेच रात्रीची झोप. मोबाईल उशाशी घेऊन निजलेले मूल सकाळी वर्गात बसते, पण जागे नसते.

चौथी गोष्ट भयाची. २००९च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. घरातील छडीचे काय? चुकीबद्दल मार खाणारे मूल चूक सुधारण्यास शिकत नाही, ती लपविण्यास शिकते. शेजारच्या मुलाशी तुलना करणे हाही एक मारच होय. मूल मागे पडत असेल तर आधी कारण शोधावे. कित्येक मुलांना फळ्यावरचे दिसत नाही किंवा नीट ऐकू येत नाही, आणि ती मठ्ठ ठरतात; सबब डोळे व कान तपासून घ्यावेत. मग बाईंना भेटावे, व केवळ गुण न विचारता, "माझे मूल कोठे अडते? घरी मी काय करू?" असे मराठीत, निःसंकोचपणे विचारावे.

पाचवी गोष्ट गृहपाठाची. तो मुलानेच करावा. आईने रात्री जागून चिकटवलेल्या प्रकल्पास शाबासकी मिळते, पण त्यात मुलाच्या हाती काय येते? आपण जवळ बसावे, त्याच्याकडून वाचून घ्यावे, आणि इंग्रजी धड्याचा अर्थ त्याला मराठीत सांगावयास लावावे. आपणांस इंग्रजी येत नाही, हे येथे वैगुण्य नसून सोयच आहे. कारण मूल शिक्षक होते व आपण विद्यार्थी होतो.

वेळ कोठून आणावा, असे कोणी विचारील. दिवसभर चार घरची कामे करून येणारी माता व रात्रपाळी करणारा पिता यांचे कष्ट मी जाणतो. म्हणून मी तासभर मागत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेस घरातील मंडळी एकत्र बसतात; प्रार्थना झाल्यावर लगेच न उठता पंधरा मिनिटे मुलासाठी द्यावीत. तेवढ्या वेळात त्याने काहीतरी वाचावे व घरच्यांनी ऐकावे. हे काम आईचेच आहे असे मानून बापाने मोकळे होऊ नये. वाचता न येणाऱ्या आजीनेही ऐकावे. आजीला गोष्ट वाचून दाखविण्यासारखा उत्साह मुलास दुसरा नाही.

असे केल्याने प्रत्येक मूल पहिला क्रमांक मिळवील, असे वचन मी देत नाही. परमेश्वराने सर्वांस सारखी देणगी दिलेली नाही. परंतु चौथीच्या अखेरीस आपले मूल न अडखळता वाचील, हिशेब करील, शंका विचारण्यास भिणार नाही व शाळेस कंटाळणार नाही, एवढे यश पुष्कळ घरांच्या आटोक्यात आहे. आणि पुढच्या सर्व शिक्षणाचा आधार तेवढ्यावरच आहे.

महोत्सवाची आठवण म्हणून एक सूचना करून मी आपली रजा घेतो. रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात अर्धा तास मुलांनी मोठ्याने वाचावे व ज्यांस सवड असेल त्या वडील मंडळींनी ऐकावे. गोष्टींची दहावीस पुस्तके व काही चटया यांपलीकडे त्यास काही लागणार नाही. येत्या रविवारपासून प्रारंभ करता आला, तर महोत्सवास मुलांकडून याहून चांगली भेट नाही.