पिशवीतले पुस्तक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मूळचा कवी. कवितेने मला नाव थोडे दिले, पैसा अजिबात दिला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण मागच्या वर्षी मी एक धाडस केले. अकरा कथांचे सचित्र पुस्तक स्वतःच्या पैशाने छापले. त्याचे नाव मी इथे सांगणार नाही. ‘भाषण करा, जाहिरात नको’ अशी ताकीद मला मिळाली आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून आज पुस्तकाची गोष्ट सांगतो, पुस्तकातली नाही.

मी कर्जत-खालापूर पट्ट्यातला. एका बाजूला उल्हास, दुसऱ्या बाजूला पाताळगंगा, आणि डोक्यावर घाट. मुंबईची माणसे आमच्याकडे पावसाळ्यात धबधबे पाहायला येतात, महडला वरदविनायकाच्या दर्शनाला येतात, माथेरानच्या छोट्या गाडीत बसतात. ही गाडी 1907 साली सुरू झाली. ती पीरभॉय कुटुंबाने बांधली, हे प्रवाशांना सहसा ठाऊक नसते. येणारे पाहून जातात. इथे राहणाऱ्यांच्या गोष्टी मात्र इथेच राहतात. दिवाळीनंतर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जाणारे कातकरी, गडाच्या पोटाशी राहणारे ठाकूर, जमिनी विकून बंगल्यांचे राखणदार झालेले शेतकरी. या माणसांवर मी वीस वर्षे लिहीत होतो. कथा वहीत साठत होत्या.

‘तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?’ हा प्रश्न मला बी.ए.च्या वर्गापासून विचारला जातो. माझी दादी भात कांडताना जे बोलायची ते मराठीच होते. मग मी दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहू? आणि ही वाट काही मी पाडलेली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. शाहीर अमर शेखांनी मैदाने गाजवली. आमच्या कोकणातल्याच हमीद दलवाईंनी कथा लिहिल्या, ‘इंधन’सारखी कादंबरी लिहिली. 1990 मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आणि आमच्या कर्जत तालुक्यातल्या नेरळला तर नारायण सुर्वे राहायला होते. एवढी मोठी माणसे पुढे चालून गेल्यावर मागच्याने वाट विचारत बसू नये.

प्रकाशकांकडे गेलो नाही असे नाही. तिघांकडे गेलो. तिघेही सभ्यपणे बोलले. कथासंग्रह खपत नाहीत, त्यात चित्रे म्हणजे खर्च, आणि लेखकाचे नाव कोणाला माहीत नाही. तिन्ही मुद्दे खरे होते. घरी आलो आणि बायकोला म्हटले, ‘आपणच छापू.’ ती म्हणाली, ‘आणि छप्पर?’ पावसाळ्याआधी कौले उतरवून पत्रे घालायचे म्हणून आम्ही पैसे बाजूला ठेवले होते. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘गळेल तिथे भांडी ठेवू. पण सगळ्या प्रती विकल्या पाहिजेत.’

आता हिशेब सांगतो, कारण पुस्तक काढणाऱ्याला कविता कमी आणि गणित जास्त लागते. सोळा पानांचा एक फर्मा. सात फर्मे म्हणजे 112 पाने. 500 प्रतींना एकूण 62,000 रुपये लागले, म्हणजे एक प्रत 124 रुपयांना पडली. किंमत ठेवली 200. विक्रेता 40 टक्के सवलत मागतो. मग माझ्या हाती येतात 120. म्हणजे दुकानात पुस्तक खपले की प्रतीमागे चार रुपये माझ्याच खिशातून जातात! टपालाने पाठवावे तर पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. म्हणून मी खांद्याला पिशवी लावली आणि हातोहात 150 रुपयांना विकायला निघालो.

चित्रे हवीतच, हा माझा हट्ट होता. लहानपणी शेजारच्या घरी जुने दिवाळी अंक यायचे. दीनानाथ दलालांची चित्रे मी आधी पाहायचो, मग कथा वाचायचो. त्या काळी खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक चित्राचा वेगळा ब्लॉक करावा लागे. आता ऑफसेटवर काळ्या रेषेचे चित्र मजकुराबरोबर त्याच प्लेटवर येते, जादा शाईचा खर्च नाही. रंगीत करायचे तर चार रंगांच्या चार प्लेटा. म्हणून आम्ही काळ्या रेषेवरच थांबलो. आमच्या भागातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी चौदा चित्रे काढली. मोबदल्यात त्यांनी दहा प्रती मागितल्या.

त्यातल्या एका चित्रावरून मात्र आमचे वाजले. गडाखालच्या एका वाडीवर माझी जुनी कथा होती. रस्ता नसलेली वाडी, आणि रोज डोंगर उतरून शाळेत जाणारा मुलगा. 19 जुलै 2023 च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले. बाकीच्यांचा शोध चार दिवसांनी थांबवावा लागला. माझी कथा त्या वाडीची नव्हती, पण त्यानंतर ती मला हातात घेववेना. मी ती काढून टाकायला निघालो. चित्रकार म्हणाले, ठेवा. मी म्हटले, लोकांच्या दुःखावर पुस्तक विकतो असे वाटेल. आठवडाभर आम्ही भांडलो. शेवटी ज्या वाडीवरून कथा सुचली होती तिथल्या एका म्हाताऱ्याला मी ती वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘नाव नको घालूस. पण वाट खरी लिवलीस. ऱ्हाऊ दे.’ चित्रकारांनी आधी काढलेली घरे खोडली. आता त्या पानावर फक्त डोंगर चढणारी पायवाट आहे.

पुस्तक छापून झाल्यावर कळले की आता मी नुसता लेखक नाही, कायद्याने प्रकाशकही आहे. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही एकेक द्यायची. टपाल हशिल आपले. पार्सलावर पत्ते लिहिताना हात जरा थरथरला. आमची पायवाट कोलकात्याच्या कपाटात जाणार होती.

आमच्या कर्जत स्टेशनचा बटाटावडा तुम्ही खाल्ला असेल. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावतात, तेवढा वेळ गाडी थांबते आणि वडा खपतो. पुस्तकासाठी गाडी थांबत नाही. पुस्तकवाल्यालाच लोकांपाशी जाऊन उभे राहावे लागते. मी शाळांत गेलो, वाचनालयांत गेलो, चौक, कशेळे, कडाव केले, लग्नातसुद्धा पिशवी नेली. काहींनी न चाळता घेतले, काहींनी चाळून परत दिले. एका कातकरी बाईने मात्र पैसे न देता अर्धा तास पुस्तक धरून ठेवले. वीटभट्टीच्या कथेतली बाई थोडीफार तिच्यावरून आली आहे. तिला वाचता येत नाही. चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘भाई, ही मीच. पण माझी कोंबडी नाय काढली?’ मग शेजारच्या पोरांना जवळ घेऊन चित्रावरून तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती माझी गोष्ट नव्हती. माझ्या कथेत बाई भट्टीवरच अडकून राहते. तिच्या गोष्टीत ती उचल फेडून, कोंबडी काखेत मारून घरी येते. खरे सांगतो, तिचा शेवट ऐकून मला माझा लेखकपणाचा रुबाब थोडा खाली ठेवावा लागला. ती प्रत मी तिच्याकडेच राहू दिली.

आजचा हिशेब असा. चार प्रती ग्रंथालयांना, 31 भेट, 287 विकल्या. 178 खाटेखाली आहेत, कारण गळक्या घरात तीच कोरडी जागा. अजून 18,950 रुपये यायचे आहेत. म्हणजे 127 प्रती. त्यानंतर छप्पर.

तेव्हा मित्रहो, माझे पुस्तक घ्या असे मी म्हणत नाही, ते नियमात बसत नाही. पण तुमच्या गावातही पिशवीत स्वतःचे पुस्तक घेऊन फिरणारा कोणीतरी असेल. तो दिसला की आपण रस्ता बदलतो, मीही बदलत असे. पुढच्या वेळी थांबा. चार पाने चाळा. आवडले नाही तर तोंडावर सांगा आणि परत द्या, आम्हाला सवय आहे. आवडले तर मात्र फुकट मागू नका, विकत घ्या. त्या पैशांवर कोणाचे तरी छप्पर थांबलेले असते.